विमलबाईंचा उजवा खुबा

१

विमलबाईंचा उजवा खुबा तेरा महिन्यांपूर्वीच बदलून झालाय, असं कॉम्प्युटर सांगत होता. आणि टेबलासमोर स्ट्रेचरवर विमलबाई मोडक्या उजव्या खुब्यानं कण्हत पडल्या होत्या.

जिनत शेखनं आधार क्रमांक पुन्हा घातला. पुन्हा तेच. विमलबाई राधाकिशन, वय सहासष्ट, मुक्काम खोरेवस्ती, तालुका पाटोदा. उजवा खुबा बदलला, शेजारच्या जिल्ह्यातलं एक खासगी रुग्णालय, रुग्णाला घरी सोडलं, प्रकरण बंद.

जिनत बीडमधल्या एका दवाखान्यात आरोग्यमित्र होती. नाव गोड, काम कडू. जिन्याखाली टेबल, वर सरकारी आरोग्य योजनेचा फलक, आणि समोर दिवसभर म्हातारी माणसं, अपंग माणसं, पिवळ्या रेशनकार्डाची माणसं. त्यांना योजना समजावून सांगायची, कागद गोळा करायचे, मंजुरी मागायची. मंजुरी आली तर डॉक्टर देवमाणूस, नाही आली तर जिनत मेली अडवते. नऊ वर्षं ती हे निमूट करत होती. निमूट म्हणजे घरी गेल्यावर भांडी जरा जोरात आपटायची, एवढंच.

"काका, बाईंचं आधी ऑपरेशन झालतं का कधी?"

विमलबाईंचा नवरा राधाकिशन समोरच्या खुर्चीत टोपी मांडीवर घेऊन बसला होता. "हिचं? बाळंतपनं बी घरीच झाली की, ताई. चार दिसांमागं न्हाणीत घसरून पडली, तवा पहिल्यांदा दवाखान्याची पायरी चढली."

"इथं तर दिसतंय की हाच खुबा बदललाय म्हणून. गेल्या वर्षी."

राधाकिशननं मांडीवरची टोपी उलटी केली, परत सुलटी केली. विमलबाईंच्या उशाशी त्यांची धाकटी जाऊ बबिता उभी होती आणि घडी केलेल्या पेपरानं वारा घालत होती. तिचा हात थांबला, मग पुन्हा हलू लागला. बबिता पंचेचाळिशीची, उन्हानं रापलेली, डोक्यावर पदर कपाळापर्यंत. सकाळी नऊपासून ती तशीच उभी होती. बाजूला तीन खुर्च्या रिकाम्या होत्या, पण थोरल्या दिरासमोर खुर्चीत बसायचं नाही ही रीत. अजून कुठं कुठं पाळतात, म्हणून जिनतला जरा बरंही वाटलं आणि जरा रागही आला.

"चुकलं आसंल मशिनीचं," स्ट्रेचरवरून विमलबाई म्हणाल्या. दम्यानं त्यांचा आवाज तुटत होता. "जाऊ द्या ताई. लई खोलात नका जाऊ."

खोलात न जाऊन कसं चालेल? डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीशी धरून दाखवला. हाड स्वतःचं, जन्माचं, आणि मानेपाशी मोडलेलं. लोखंडाचा टाचणीएवढाही तुकडा नाही. "आधी बसवलेला खुबा बिघडला असता तर नवीन बसवायची मंजुरी मागता आली असती," ते म्हणाले. "पण आधीचा आहेच कुठं? आणि हे बघ, दम्याचं माणूस फार दिवस उताणं पडून राहिलं की छाती भरते. आठ दिवसांत ऑपरेशन झालं तर झालं."

सत्तरी ओलांडलेल्यांना वेगळं कार्ड मिळतं. विमलबाई त्याला चार वर्षांनी कमी पडत होत्या.

जिनतनं जिल्ह्याच्या साहेबांना फोन लावला. साहेब माणूस वाईट नव्हता, नुसता थकलेला होता. "बाईंचं ऑपरेशन झालंच नाही म्हणता? मग झालं कुणाचं? पलीकडच्या दवाखान्यानं खोटं बिल काढलं असेल तर तसं दाखवा. कुणी बाईंचं कार्ड चोरून वापरलं असेल तर तो माणूस दाखवा. नोंद त्याच दिवशी दुरुस्त करतो, मंजुरीही देतो. नुसतं 'चूक आहे' म्हणून मला काही करता येत नाही."

"साहेब, हे पोलिसांचं काम आहे."

"पोलीस सहा महिने घेतील. तुमच्याकडं किती दिवस आहेत?"

जिनतनं फोन ठेवला आणि भरतीचा अर्ज पुढं ओढला. राधाकिशननं सही केली. दुसरी नातेवाईक म्हणून बबिताचा अंगठा घेतला, तर कागदावर नुसता निळा डाग उमटला, एकसुद्धा रेघ नाही.

"ऊस तोडून तोडून रेघा गेल्यात," बबिता खाली मान घालून म्हणाली. "मशीन बी घेत न्हाई माझा अंगठा."

२

कार्ड काढून दिलं होतं पाटोद्याच्या आसारामनं. बसस्टँडमागं त्याचं ऑनलाइन सेंटर. दहा बाय दहाच्या खोलीत दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि अख्ख्या तालुक्याच्या झेरॉक्स. कुणाचं आधार कुठं पडलंय ते आसारामला तोंडपाठ. चोर शोधायचा तर सुरुवात इथूनच करायला हवी, कारण चोरायचा माल सगळा इथं उघड्यावर होता.

"मला कावून विचारता?" आसाराम खुर्चीतून उठलाच. "मला काय खुबा बसवून घ्यायचाय का? हे बघा, दोन्ही शाबूत हायेत." आणि त्यानं टेबलामागं दोन उठाबशा काढून दाखवल्या.

जिनतला हसू आलं नाही. "विमलबाईंच्या कार्डाची झेरॉक्स कुणी नेली का?"

"झेरॉक्सवर काय होतंय ताई? तुमालाच ठाऊक हाय. दवाखान्यात एकतर मोबाईलवर ओटीपीचा नंबर यावा लागतो, न्हाई तर मशीनवर अंगठा."

"कार्डाला मोबाईल कुणाचा जोडलाय?"

आसारामनं वही काढली, बोट फिरवलं आणि थांबला. मग ओशाळून म्हणाला, "तानाजी मुकादमाचा."

"विमलबाईंच्या कार्डाला मुकादमाचा नंबर?"

"एकट्या त्यांच्या न्हाई. समद्या खोरेवस्तीच्या कार्डांना त्याचाच हाय. आता बघा, लोकं दिवाळीनंतर कोयता घेऊन कर्नाटकात जात्यात. तिकडं गेली की शिम बदलत्यात, आली की परत बदलत्यात. एक नंबर धा वर्सं तसाच ऱ्हातो, तो मुकादमाचा. म्हनून मी विचारलं, नंबर कोनता घालू, तर वस्ती म्हनाली, मुकादमाचा घाला." त्यानं वही मिटली. "मी तसाच घातला. एकशे चार कार्डं हायेत. मुकादम ट्रॅक्टर दुरुस्तीला घेऊन आलाय, आज चौसाळ्यात गावंल."

म्हणजे एकशे चार माणसांच्या दवाखान्याची किल्ली एका माणसाच्या खिशात होती, आणि तो माणूस उसाच्या टोळ्यांचा मुकादम होता. जिनतनं स्कूटी चौसाळ्याकडं वळवली.

३

तानाजी मुकादम चौसाळ्यात हायवेच्या कडेला ट्रॅक्टरची दुरुस्ती करून घेत उभा होता. कानाशी फोन, दुसऱ्या हातात दुसरा फोन. जिनतनं नाव सांगितलं तसा तो मिस्त्रीवर ओरडला, "थांब की बे जरा, बाई काय म्हनत्यात ऐकू दे."

"तेरा महिन्यांपूर्वी विमलबाईंच्या ऑपरेशनचा मेसेज तुमच्या मोबाईलवर आला असेल."

"मेसेज मी वाचत न्हाई. शाळेत गेलतो कुठं मी? फोन मात्र आलता." तो मोकळेपणानं म्हणाला. "एक पोरगी बोलली, विमलबाईंचं ऑपरेशन झालं का, कुनी पैसं मागितलं का, जेवन दिलं का. मी म्हनलं, झालं, न्हाई, दिलं."

"तुम्हाला ठाऊक होतं झालं म्हणून?"

"मला काय ठाऊक? असले फोन लई येतात. न्हाई म्हनलं की पोरगी आनखी धा प्रश्न इचारती. हो म्हनलं की सोडती. मी समद्यांनाच हो म्हनतो."

एवढा निर्लज्ज खरेपणा जिनतनं बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. तरीही तिनं विचारलं, "नंबर सांगितला असेल कुणाला तरी. आठवून बघा."

"त्या दवाखान्याचा नंबर आलाच न्हाई म्हना की. कर्नाटकात माझ्या या फोनला रेंज नसती. उसाच्या फडात तर मुळीच न्हाई. तो फोन बी मी इकडं परत आल्यावर, शिमग्याच्या टायमाला आलता." तो फुटलेल्या टायरवर टेकला. "आनि त्या घराचं वाईट मी कावून करू? राधाकिशनचा धाकटा भाऊ, सिदू, माझ्याच टोळीला हाय. आता तो बी एकटाच येतो. अर्धा कोयता."

"अर्धा म्हणजे?"

"नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यो तोडनार, ती मोळ्या बांधनार. त्याची बायको बबिता गेल्या हंगामाला सुरवातीलाच घरी गेली, औंदा आलीच न्हाई. घरी जावंला दमा हाय, बघायला कोनी न्हाई, म्हनत्यात. माझं नुकसान, पन म्हनलं, घरातलं माणूस आजारी, मग काय बोलायचं."

तेवढ्यात जिनतचा फोन वाजला. पलीकडच्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला तिनं काल गळ घातली होती, त्यानं विमलबाईंच्या नावच्या जुन्या कागदांचे फोटो पाठवले होते. म्हणजे बिल खोटं नव्हतं. खाटेवर कुणीतरी बाई होती, तोंडाला मास्क, डोक्यावर पदर, ओळखू न येणारी. आणि एक एक्स-रे होता, त्यात खुब्याच्या जागी पांढराशुभ्र लोखंडी गोळा.

तिनं तो तसाच आपल्या डॉक्टरांना पाठवला. पाच मिनिटांत त्यांचा फोन.

"जिनत, हे हाड सहासष्ट वर्षांच्या बाईचं नाही. फार तर चाळीस, पंचेचाळीस. आणि हा खुबा झिजून किंवा म्हातारपणानं गेलेला नाही. आजूबाजूच्या हाडांवर चिरा दिसतात, उंचावरून पडून चुरा झालेला होता."

४

खोरेवस्ती डोंगराच्या कुशीत, पन्नास घरांची. पौष महिन्यात तिथं म्हातारी माणसं, शेळ्या आणि कुलपं एवढंच उरतं. तरणी माणसं सगळी उसाच्या फडात. पंचेचाळिशीतली बाई या दिवसांत वस्तीवर शोधायची, तर फार घरं हिंडावं लागणार नव्हतं. पण जिनत तेव्हा तसा विचार करत नव्हती. ती चोर शोधत होती, आणि चोर म्हटला की तो बाहेरून येतो असंच आपण धरून चालतो.

राधाकिशन दवाखान्यात विमलबाईंपाशी होता. शेळ्यांना पाला घालायला म्हणून बबिता सकाळच्या जीपनं परत आली होती. जिनत आल्याचं कळताच शेजारच्या चार म्हाताऱ्याही आल्या आणि सतरंजीवर बसल्या. विमलबाईंचं कसं काय, असं विचारत सगळ्याच एकदम बोलू लागल्या.

"कार्ड कुठं ठेवतात बाई?" जिनतनं विचारलं.

"देव्हाऱ्यात," एक म्हातारी म्हणाली. "देवाच्या फोटोमागं. वस्तीत कुनाला ठाऊक न्हाई? पन घेतंय कोन?"

"रेशनला कोण जातं?"

"विमलच जाती. समद्या वस्तीत तिचाच अंगठा एका दमात लागतो. बारा वर्सं झाली तिचा कोयता सुटून, दम्यामुळं. हात मऊ ऱ्हायलेत तिचे."

बबितानं चहा केला. चूल बंदच होती. गॅसची शेगडी पत्र्याच्या दोन डब्यांवर फळी टाकून कमरेइतक्या उंचीवर ठेवलेली, आणि ती उभ्यानंच करत होती. कप भरल्यावर तिनं पुढच्या म्हातारीच्या हातात ताटली दिली आणि तिनं ती फिरवली. बबिता दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"तुम्ही बसा की," जिनत म्हणाली.

"असू द्या. बरी हाय उभी."

हात धुवायला जिनत मागच्या दारी गेली. न्हाणीच्या पत्र्याआड एक प्लॅस्टिकची खुर्ची होती. बैठकीच्या मधोमध विळ्यानं गोल भोक कापलेलं. विमलबाईंसाठी आधीच तयारी करून ठेवली बिचाऱ्यांनी, असं तिच्या मनात आलं. जमिनीवर बसता न येणाऱ्या माणसाला अशीच खुर्ची लागते. दवाखान्यातून घरी जाणाऱ्या कितीतरी लोकांना हा उपाय तिनं स्वतः सांगितला होता. मग तिनं खुर्चीवरून हात फिरवला. खुर्चीचा लाल रंग उन्हानं उडून गुलाबी झाला होता, आणि कापलेल्या भोकाची कड वापरून वापरून गुळगुळीत झाली होती.

विमलबाईंना पडून सहाच दिवस झाले होते.

तिथंच, न्हाणीशी उभी असताना, जिल्ह्याच्या साहेबांचा फोन आला. "जुनी नोंद मागवलीत ना तुम्ही? आलीय. मोबाईलवर नंबर गेलाच नव्हता. ओळख अंगठ्यानं पटवलीय. भरती होताना एकदा, घरी सोडताना एकदा. दोन्ही वेळा अंगठा विमलबाईंचाच. जिवंत माणसाचा, जागेवर येऊन दिलेला. याला चोरी म्हणत नाहीत, जिनतबाई."

५

म्हाताऱ्या गेल्या तेव्हा ऊन अंगणात मध्यावर आलं होतं. जिनत पुन्हा सतरंजीवर बसली आणि शेजारची जागा हातानं झाडली.

"बबिताताई, आता इथं तुमचे थोरले दीर नाहीत. वस्तीतलं कुणी नाही. या, बसा माझ्याजवळ."

बबिता जागची हलली नाही.

"दवाखान्यात तुम्ही पाच तास उभ्या होतात. मला वाटलं, मोठ्यांची मर्यादा ठेवताय. इथं मर्यादा ठेवायची कुणाची? शेगडी उभ्यानं, ताटली दुसऱ्याच्या हातानं, आणि मागची खुर्ची वर्षभर तरी वापरातली. खुबा बदलला की डॉक्टर बजावून सांगतात, खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही, उकिडवं तर मुळीच नाही. गोळा निखळतो. हे मीच रोज लोकांना सांगते, ताई. आणि मलाच दिसलं नाही." जिनतचा आवाज चढला, आणि तो स्वतःवरच चढला होता. "सिदूभाऊ दोन हंगाम एकटेच तोडतात. तुमच्या अंगठ्याला रेघ नाही, विमलबाईंच्या आहे. मशीनवर अंगठा त्यांनी ठेवला आणि आत तुम्ही गेलात."

बबितानं पदर तोंडात धरला. रडायचं म्हणूनसुद्धा तिला खाली बसता येत नव्हतं. ती चौकटीला धरून उभ्यानंच रडली.

"फळीवरून पडले," बऱ्याच वेळानं ती म्हणाली. "डोक्यावर मोळी, ट्रकला फळी लावलेली. पहाटंचं दव होतं, पाय सरकला. मुकादम त्या दिशी दुसऱ्या फडावर होता, त्याला अक्काचा दमा वाढला म्हनून सांगितलं. जीपनं मला इकडं आणून टाकलं. थोरले दादा मला कार्डावर घ्यायला फिरले, तर रेशनवरनं माझं नाव उडालेलं. अंगठा लावायला बोलावलं तवा आमी फडात. आल्यावर लावला तर मशीन घेईना. माझं नाव न्हाई, म्हनून मी योजनेत न्हाई. दोन महिने लागतील म्हनले नाव चढवायला."

"मग?"

"अक्का म्हनली, माझ्या अंगठ्याला रेघा हायेत अजून, त्या काय वाया घालवायच्या? कार्ड घरातच हाय. तिकडं लांबच्या दवाखान्यात गेलो, कुनी वळखीचं न्हाई असा. अक्कानं मशीनवर अंगठा ठेवला. मग मी मास्क लावून आत गेले, ती फाटकाबाहेर झाडाखाली बसून ऱ्हायली. सोडायच्या दिशी परत आली अंगठा द्यायला."

"आणि पुढं विमलबाईंनाच कधी गरज पडली तर, असं कुणाच्या मनात नाही आलं?"

"आलं की. दादांनी इचारलं बी एका शिकल्याल्याला. तो म्हनला, कार्ड दरसाली नवं भरतंय. वर्स पालटलं की पहिल्यासारखं. म्हनून आमी गप ऱ्हायलो. अक्का पडली तवा बी दादा म्हनले, काळजी नको, वर्स पालटलंय."

कार्डाची रक्कम खरोखरच दर वर्षी नवी होते. जिनतनं स्वतः शंभर वेळा तेच वाक्य टेबलामागून सांगितलं होतं, तेवढंच सांगितलं होतं. रक्कम नवी होते, पण उजवा खुबा माणसाला एकच असतो आणि तो एकदा बदलला की नोंदीत कायमचा बदललेला राहतो, हे सांगायचं तिला कधी सुचलं नव्हतं. असं कुणाला सांगावं लागेल हेच तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

बबितानं डोळे पुसले. आता तिचा आवाज घट्ट होता. "ताई, तुमी लिहा, मी चोरलं. मी घेते अंगावर. न्या मला पोलिसात. पन अक्काचं ऑपरेशन करा."

"दोन वेळा अंगठा दिलाय त्यांनी, ताई. झोपेत कुणी अंगठा लावून घेतला म्हणावं, तर दवाखान्यात जाऊन झोपल्या होत्या का त्या? खरं सांगितलं तर दोघींवर गुन्हा, कार्ड बंद, ऑपरेशन नाही. खोटं सांगितलं तर ते त्या अंगठ्यापाशी उघडं पडणार."

"आनि काहीच न्हाई सांगितलं तर?"

"तर नोंद आहे तशीच राहील." जिनत उठली. तिच्या गुडघ्यांतून कळ गेली, आणि आपल्याला उठता-बसता येतं याची तिला उगाच लाज वाटली.

६

विमलबाईंनी सगळं डोळे मिटून ऐकलं. राधाकिशन खाटेच्या पायथ्याशी उभा होता, टोपी दोन्ही हातांत चुरगाळत.

"म्या सांगितलं होतं, खोलात जाऊ नका," विमलबाई म्हणाल्या.

"बाई, सरकारी जिल्हा रुग्णालयात कार्ड नसलं तरी घेतात. मी बोलले तिथं. पण दम्यामुळं भूल द्यायला डॉक्टर कचरतात, छाती सुधारली तर बघू म्हणतात. आणि नंबर तीन आठवड्यांनी."

"तोवर छाती सुधरंल का बिघडंल?"

जिनतनं त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. नऊ वर्षांत तिनं शिकलेली एक गोष्ट म्हणजे अशा वेळी खोटी आशा दिली की माणसं ती घरी नेऊन जपून ठेवतात.

"मग आसं करा," विमलबाईंनी तिचा हात धरला. हात खरोखर मऊ होता. "माझंच झालंय म्हनून ऱ्हाऊ द्या तिथं. बबिता तरणी हाय. सिदू तिकडं अर्ध्या कोयत्यावर मरतोय. तिला पोलिसांनी नेलं तर घरात ऱ्हातंय कोन? मी काय, आज न्हाई उद्या जायचीच होते."

"तुमचं वय जाण्याचं नाही, बाई," जिनत म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना. खुर्चीत बसून ती सगळ्यांदेखत रडली. राधाकिशन घाबरून पाणी आणायला गेला.

त्या दुपारी तिनं साहेबांना पाठवायच्या अहवालात एकच ओळ लिहिली: ज्या व्यक्तीवर शस्त्रक्रिया झाली तिचा शोध लागला नाही. साहेबांचा फोन आला. "नाही लागला?" त्यांनी विचारलं. "नाही लागला," ती म्हणाली. साहेब बरं म्हणाले, आणखी एकही प्रश्न न विचारता. त्यांनाही कळलं होतं, हे तिला कळलं. दोघांनाही त्याचा काही उपयोग नव्हता.

जिल्हा रुग्णालयानं विमलबाईंची छाती दोनदा तपासली आणि दोनदा नको म्हटलं. मग राधाकिशननं त्यांना जीपमध्ये आडवं घालून घरी नेलं. जिनतनं बबितासाठी अर्ज भरून दिला, रेशनकार्डावर नाव पुन्हा चढवण्याचा. अंगठा लागत नाही, डोळे तपासून ओळख पटवावी, असंही लिहिलं. त्याचं उत्तर अजून यायचं आहे.

पडल्यापासून सतराव्या दिवशी सकाळी आसारामचा फोन आला. विमलबाई पहाटे गेल्या होत्या.

जिनत पोहोचली तेव्हा अंगणात माणसं जमली होती. टोळीच्या कामासाठी इकडं आलेला तानाजी मुकादम आसारामबरोबर कुंपणाशी उभा होता. सिदू कर्नाटकातून निघाला होता, पण तो येईपर्यंत थांबणार नव्हते. घरात विमलबाईंना भुईवर ठेवलं होतं आणि भोवती बाया कोंडाळं करून बसल्या होत्या. कुणी गळा काढत होतं, कुणी त्यांचा मऊ हात हातात धरून होतं. जिनत कडेला मांडी घालून बसली.

बबिता दाराच्या चौकटीशी उभी होती.

"एवढं केलं तिनं हिच्यासाठी," पलीकडच्या वस्तीवरून आलेली एक बाई शेजारणीला म्हणाली, कुजबुजत नव्हे, ऐकू जाईल अशी. "लेकीवानी संभाळलं. आनि ही बघा, पाव्हण्यासारखी उभी. बसवत बी न्हाई जवळ."

दोनचार माना वळल्या. बबितानं ते ऐकलं. तिनं चौकट सोडली आणि बायांमधून वाट काढत ती विमलबाईंच्या उशाशी आली.

जिनत अर्धवट उठली. बसू नका, एवढंच तिला म्हणायचं होतं. पण कावून, असं चाळीस बायांनी विचारलं असतं, आणि कुंपणाशी मुकादम होता, आसाराम होता.

बबिता दोन्ही हात भुईला टेकून खाली बसली. उजवा पाय तिनं मुडपून घेतला, साऱ्या बायांसारखा, आणि विमलबाईंचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. तिच्या तोंडून जी किंकाळी फुटली ती ऐकून बायांचं समाधान झालं. शोकच तो, असं त्यांना वाटलं, आणि त्याही मोठ्यानं रडू लागल्या.

जिनत पुन्हा खाली बसली. माणसं तिरडी बांधत होती. ती झाल्यावर बबिताला उठवायला कुणाकुणाला हाक मारावी लागेल, ती माणसं जिनत मोजत राहिली.